टाचेचं ‘वाढलेलं हाड’ आणि विटेचा शेक : पोळी-भाजी केंद्रातल्या एका टाचदुखीचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं क्लिनिक आहे. खालच्या प्रकरणातल्या ताईंच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुखण्याचा क्रम, माझे निर्णय आणि माझी चूक मात्र जशी घडली तशी ठेवली आहे.

पार्श्वभूमी

ताई ४८ वर्षांच्या. एसटी स्टँडजवळ त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. सकाळी सहा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते आठ, दिवसाला साडेतीनशेच्या आसपास पोळ्या. मदतीला एक बाई, पण लाटणं आणि भाजणं स्वतःकडे. उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो.

एप्रिलमध्ये लग्नसराईच्या ऑर्डरी सुरू असताना उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुया टोचल्यासारखी कळ जायची. मोरीपर्यंत भिंत धरून जायचं, मग हळूहळू पाय मोकळा व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा ठणका. जूनमध्ये एक्स-रे काढला. त्यात टाचेच्या खालच्या बाजूला हाडाचं टोक पुढे आलेलं दिसलं आणि त्या दिवसापासून घरात सगळे म्हणू लागले, “हाड वाढलंय.” आठ-दहा दिवस वेदनाशामक गोळ्या झाल्या. जुलैत दुसऱ्या एका ठिकाणी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पाच आठवडे टाच अशी गप्प झाली की त्यांनी गणपतीतल्या उकडीच्या मोदकांची मोठी ऑर्डर घेतली. ऑर्डर पुरी झाली आणि दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त.

मधल्या काळात दिरांच्या सांगण्यावरून युरिक अॅसिड तपासून झालं होतं. ६.३ आलं, म्हणजे बायकांच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडंसं वर. त्यामुळे दोन महिने डाळ, टोमॅटो, पालक बंद. माझ्याकडे त्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “मॅडम, हाड खरवडून काढायचं का पुन्हा इंजेक्शन घ्यायचं, तेवढं सांगा. फराळाची ऑर्डर घेतलीय.”

पहिल्या भेटीत काय सापडलं

पाय दुखतोय म्हणून येणाऱ्याला मी पहिल्यांदा एका बोटानं जागा दाखवायला सांगते. निम्मं निदान तिथंच होतं. टाचेच्या मागे, जिथे पोटरीची जाड शीर हाडाला चिकटते तिथं बोट गेलं तर ते वेगळं दुखणं. चवड्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधोमध खडा रुतल्यासारखं वाटत असेल तर तिथली नस दबलेली असू शकते. अंगठ्याचा सांधा रात्रीतून लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तिथे युरिक अॅसिडचा विचार करायचा. पंचविशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर टाच सोडून मणक्याकडे बघायचं. तो संधिवाताचा प्रकार असू शकतो.

ताईंचं बोट नेमकं टाचेच्या तळाशी, आतल्या कडेला गेलं. तिथं दाबल्यावर त्यांनी पाय ओढून घेतला. पायाचा अंगठा वर वाकवून दाबलं तर कळ आणखी वाढली. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली तेव्हा विशेष दुखलं नाही, त्यामुळे हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता मागे पडली. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेवर टिचकी मारली, तळव्यात झिणझिण्या गेल्या नाहीत. पोटरी मात्र फार आखडलेली. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढलं तर जेमतेम काटकोनापर्यंत येत होतं.

हे प्लांटर फॅशायटिसचं चित्र आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पावलाची कमान तो तोलून धरतो. दिवसभराच्या उभ्या कामानं, वाढलेल्या वजनानं, आखडलेल्या पोटरीनं त्याच्या हाडाकडच्या टोकावर ताण पडत राहतो आणि तिथलं ऊतक झिजतं. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडून राहतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट.

आणि ते ‘वाढलेलं हाड’? टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेमध्येही ते टोक दिसतं. ज्यांची टाच बरी होते त्यांचंही ते टोक जागच्या जागी असतं. रुग्णाला हे पटवणं अवघड जातं, कारण त्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ताईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला पुन्हा दाखवला. “एवढं टोक आहे, मग ते टोचणार नाही का?” मी म्हटलं, “टोक रात्रंदिवस तिथंच आहे ताई. मग जुलैत पाच आठवडे का नाही टोचलं?” यावर त्या थोड्या थांबल्या.

त्या दिवशी मी त्यांना पाच व्यायाम दाखवले, चित्रांचा कागद दिला आणि आठवड्यानं बोलावलं. निघताना त्यांनी विचारलं, “शेकलं तर चालेल ना?” मी म्हटलं, “हो, काही हरकत नाही.”

दुसरी भेट : इथं प्रकरण वळलं

आठ दिवसांनी आल्या तेव्हा टाचेच्या बाहेरच्या कडेला आठाण्याएवढा फोड होता. आपल्याकडे टाचदुखीवर एक ठरलेला उपाय आहे. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि टाच टेकवून शेक घ्यायचा. त्यांनी तसं रोज रात्री केलं होतं. फोड त्यांना कळलाच नव्हता. पायाला तेल लावताना मुलीला दिसला.

भाजून फोड येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, म्हणजे तिथली संवेदना तपासायलाच हवी. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा माझ्या टेबलाच्या खणात होता. डोळे मिटायला सांगून दोन्ही पावलांवर दहा-दहा ठिकाणी तो टेकवला. उजव्या पायावर चार आणि डाव्यावर तीन ठिकाणी त्यांना काहीच कळलं नाही. आता मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, कधी मुंग्या येतात, “पण ते दिवसभर उभं राहून होतंय असं वाटायचं.” आईला साखरेचा आजार होता. त्यांनी स्वतः कधी साखर तपासली नव्हती. एप्रिलपासून एक्स-रे झाला, युरिक अॅसिड झालं, इंजेक्शनही झालं. साखर कुणी पाहिली नाही, मीसुद्धा नाही.

त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांच्या घरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उपाशीपोटी साखर १६८, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.१, बी-१२ जीवनसत्त्व कमी. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह धरतात. म्हणजे एकाच पायात दोन दुखणी होती. टाचेच्या पट्ट्याचं दुखणं सकाळी पहिल्या पावलाला यायचं, नसांचं रात्री अंथरुणात. पहिल्या भेटीत “कधी दुखतं?” याचं उत्तर “सकाळी उठल्यावर” आलं आणि मी तिथंच विचारणं थांबवलं होतं.

समोरचे पर्याय

दिवाळीला आता दोन आठवडे. त्या, त्यांची मुलगी आणि मी अशा तिघी पाऊण तास बसलो.

त्यांच्या मनात पहिला पर्याय पुन्हा इंजेक्शनचा होता आणि तो मूर्खपणाचा अजिबात नव्हता. एकदा गुण आला होता, ऑर्डरीचे आगाऊ पैसे घेतले होते. पण स्टेरॉइडचा गुण सहसा काही आठवडेच टिकतो. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. मधुमेह्याची साखर त्यानं काही दिवस चढते. ताईंच्या टाचेवर फोड, साखर ताब्यात नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांचंही मत आत्ता नको असंच पडलं. माझ्या दृष्टीनं आणखी एक कारण होतं. पहिल्या इंजेक्शननं दुखणं झाकलं गेलं आणि त्या झाकलेल्या पायावर त्यांनी वर्षातलं सगळ्यांत जड काम केलं. दिवाळीतही तेच झालं असतं.

शस्त्रक्रियेचा प्रश्न दोन मिनिटांत संपला. टाचदुखीचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात बरे होतात आणि इथे तर धड उपचार अजून सुरूच झाले नव्हते. शॉकवेव्ह, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्रानं ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा उपचार, त्याचं यंत्र पुण्यात. आठवड्याला एक खेप म्हणजे केंद्राचा एक दिवस बुडणार. ते मागे ठेवलं, नाकारलं नाही. सहा आठवडे पूर्ण विश्रांती, हे मी म्हणून पाहिलं. मुलगीच हसली.

राहिला तो रोजच्या कामातच बदल करण्याचा मार्ग. आणि इथं मला पहिल्यांदा सुचलं, की मी यांना अजून विचारलेलंच नाही : काम करताना पायाखाली काय असतं?

“शहाबादी फरशी.”

“आणि पायात?”

माझ्याकडे बघतच राहिल्या. “पायात काय असणार? स्वयंपाकघर आहे ते.”

रोज साडेनऊ तास, अकरा वर्षं, अनवाणी, शहाबादी फरशीवर.

चपलेचा तिढा

मऊ तळाची चप्पल घालून पोळ्या लाटायच्या, हे सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड. केंद्राच्या भिंतीवर अन्नपूर्णेचा फोटो आहे, सकाळी उदबत्ती लागल्याशिवाय तवा तापत नाही. सासूबाई रोज अकराला येऊन बसतात. शिवाय गिऱ्हाईक काउंटरवरून आत बघतं. चप्पल घातलेली बाई पोळ्या करतेय हे त्याला चालेल का, ही भीती धंद्याची आहे आणि खरी आहे. मी घाईत “आरोग्यापुढे हे काय घेऊन बसलात” असं म्हटलं असतं तर कागद घेऊन त्या गेल्या असत्या आणि चप्पल काही घातली नसती.

मार्ग मुलीनं काढला. नवी कोरी जोडी आणायची, ती कधीही उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, रात्री साबणानं धुऊन खिळ्याला टांगायची. ताई म्हणाल्या, “मग ती चप्पल कसली, ती तर पायपुसण्यासारखीच झाली.” सासूबाईंना काय सांगायचं हेही ठरलं : संवेदना कमी झालेल्या पायावर तेलाचा थेंब उडाला तर कळणार नाही, जखम चिघळली तर बोट जायची पाळी येते. त्यांच्या माहेरी असं एकाचं झालं होतं. त्यांनी हरकत घेतली नाही. टाचदुखीसाठी चप्पल पटली नसती कदाचित; साखरेसाठी पटली.

चपलेत घालायचे मापाचे खास तळवे बनवून घ्यायचाही विचार होता, पण टाचदुखीत दुकानात मिळणाऱ्या साध्या पॅडपेक्षा त्यांचा फायदा फारसा जास्त दिसत नाही आणि खर्च मात्र कितीतरी पट. जाड, फार न दबणाऱ्या तळाची, मागे पट्टा असलेली, कमानीला थोडा उठाव असलेली चप्पल घेतली. ओट्यासमोर रबराची जाड चटई टाकली.

काय केलं

सगळ्यांत आधी शेक बंद. गरम पाणीही नाही आणि बर्फही नाही. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायला मी एरवी सांगते, पण बधिर कातडीला थंडीनंही इजा होते. फोडाचं ड्रेसिंग डॉक्टरांकडे, बारा दिवसांत तो भरला. साखरेच्या आणि बी-१२च्या गोळ्या त्यांच्याकडून सुरू झाल्या. बंद केलेली डाळ मी परत सुरू करायला सांगितली. डॉक्टरांनीही मान डोलावली.

व्यायामांचा कागद मी परत मागून घेतला. आठवड्यात पाचपैकी एकही व्यायाम झाला नव्हता. साडेनऊ तास उभं राहणाऱ्या बाईला पाच व्यायाम देणं ही माझी हौस होती. दोनच ठेवले.

एक, अंथरुणातच, पाय खाली टेकवायच्या आधी : उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्यायचं, बोटं हातानं नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा ताणलेला हाताला लागला पाहिजे. दहा आकडे मोजायचे, दहा वेळा. असं दिवसातून तीनदा, दुपारी जेवणानंतर उठण्यापूर्वी एकदा नक्की.

दुसरा फोड भरल्यावर. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, हात कठड्याला. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका. बारा वेळा सहज जमू लागलं की पाठीवर सॅक, सॅकेत वजन. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांवरच्या एका अभ्यासात या पद्धतीनं तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा जास्त आराम दिसला होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक आलेला नाही, पण आखडलेल्या पोटरीच्या आणि उभ्या कामाच्या माणसाला मी हा व्यायाम देते. ताईंनी सॅकेत दोन किलो गव्हाचं पीठ भरलं.

कामाची मांडणीही बदलली. लाटणं बसून, उंच स्टुलावर, भाजणं उभ्यानं. तासाभरानं मदतनीस बाईशी अदलाबदल. दिवाळीची ऑर्डर निम्मी केली, उरलेली ओळखीच्या एका बचत गटाला दिली. त्या महिन्याचं उत्पन्न घटलं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

परिणाम

सकाळच्या पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती, हा आकडा मुलगी कॅलेंडरवर लिहायची. ऑक्टोबरमध्ये ८. सहा आठवड्यांनी ६. या टप्प्यावर ताई वैतागल्या. “इंजेक्शननं तीन दिवसांत थांबलं होतं,” म्हणाल्या, आणि मलाही शंका यायला लागली होती. शॉकवेव्हसाठी पुण्याला पाठवायची चिठ्ठी लिहून ठेवली. पण कॅलेंडर नीट पाहिलं तर सकाळचा आकडा फारसा हलला नसला तरी संध्याकाळचा ७ वरून ३ वर आला होता. चिठ्ठी महिनाभर थांबवली.

जानेवारीत सकाळचा आकडा ३. फेब्रुवारीत भाचीच्या लग्नात दिवसभर सपाट तळाची चमकीची चप्पल घातली आणि चार दिवस ६. नंतर पुन्हा खाली. एप्रिलमध्ये, दुखणं सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा १, कधी ०. वजन ७१. एचबीएवनसी ६.९. धाग्याच्या तपासणीत फारसा फरक नाही. रात्रीची आग कमी झाली आहे, गेलेली नाही. नसांचं हे दुखणं टाचेसारखं वर्षभरात मिटेल असं मी त्यांना कबूल केलेलं नाही.

एक्स-रे आम्ही परत काढला नाही. टोक असणारच.

काय वेगळं करता आलं असतं

तो ‘हो, काही हरकत नाही’. पायाची संवेदना न तपासता मी शेकाला परवानगी दिली. धागा टेकवायला तीन मिनिटं लागतात. फोड वरवरचा होता म्हणून निभावलं; तोच तळव्याच्या मध्यावर, चार दिवस उशिरा दिसला असता तर हे प्रकरण फॅशायटिसचं राहिलंच नसतं. आता चाळिशीपुढचा माणूस कुठलीही पायदुखी घेऊन आला की धागा आधी आणि शेकाची गोष्ट मागाहून. साखर कधी तपासली, हा प्रश्नही तिथंच.

फरशीबद्दल मी दुसऱ्या भेटीच्या शेवटी विचारलं. ते पहिल्या भेटीतच निघालं असतं तर आठवडा वाचला असता. माझ्या तपासणीच्या कागदावर ‘व्यवसाय’ असा रकाना होता. त्यात मी ‘स्वयंपाक’ लिहून पुढे गेले होते. आता त्याखाली दोन ओळी वाढवल्या आहेत : पायाखाली काय, पायात काय. या ओळींमुळे नंतर साडीच्या दुकानात दिवसभर गादीवर उभे असणारे एक सेल्समन आणि देवळात अनवाणी असणारे एक गुरव यांची उत्तरं पहिल्याच भेटीत मिळाली. गुरवांच्या बाबतीत चपलेचा मार्ग अर्थातच बंद होता. तिथं उभं राहण्याचे तासच वाटून घ्यावे लागले.

जुलैतल्या इंजेक्शनबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. तीव्र वेदनेत त्याला जागा आहे. पण आधी साखर पाहायला हवी होती, आणि बरं वाटलेल्या त्या पाच आठवड्यांत काय करायचं हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पोटरी ताणायला, पायाखाली चटई टाकायला तोच काळ सोयीचा होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात केंद्राची फरशी ओली राहते आणि ती चप्पल ओल्या शहाबादीवर सरकते. मागच्या आठवड्यात ताई ओट्याला धरून वाचल्या. पकड चांगली आणि तळ मऊ, अशी जोडी साताऱ्याच्या दोन दुकानांत मिळाली नाही. जूनच्या आधी ती शोधायची आहे.